नीटचा पेपर झाला, निकाल लांब आहे: मधले दिवस काढायचे कसे?

मे महिन्यातला रविवार. पाच वाजता केंद्राचं फाटक उघडतं आणि प्रश्नपुस्तिका हातात धरून मुलं बाहेर यायला लागतात. तपासणीआधी काढून दिलेली कानातली आई पर्समधून काढते, मुलीच्या तळहातावर ठेवते आणि हळूच विचारते, "कसा गेला गं?" मुलगी कानातलं अडकवत राहते. उत्तर देत नाही.

लातूरला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. पेपर कसा सोडवायचा हे आम्ही शिक्षक दोन वर्षं घोकून घेतो. पेपर दिल्यानंतर काय करायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. २०२५ साली नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, ४ मेला झाली आणि निकाल १४ जूनला लागला. म्हणजे ४१ दिवस. दोन वर्षं घड्याळाच्या काट्यावर चाललेल्या पोराला अचानक ४१ रिकामे दिवस मिळतात आणि त्यातला प्रत्येक दिवस एकाच प्रश्नाभोवती फिरतो.

या दिवसांतली काळजी "विचार करू नकोस" म्हटल्याने जात नाही. मी पाहिलंय ते असं, की काळजीला एक तारीख दिली आणि हाताला काम दिलं, तर ती आटोक्यात राहते. ते कसं करायचं, हे पुढे क्रमाने लिहिते. बहुतेक भाग मुलांसाठी आहे, एक भाग घरच्यांसाठी.

पहिली रात्र: काहीही मोजू नका

केंद्रावरून घरी जाताना गाडीत पुस्तिका उघडायची नाही. घरी जाऊन आंघोळ, पोटभर जेवण आणि झोप. तीन तास डोकं पिळून निघालेलं असतं, सकाळपासून धड खाल्लेलं नसतं, आदल्या रात्रीची झोप अर्धवट असते. अशा अवस्थेत आठवतात ते फक्त चुकलेले प्रश्न. बरोबर आलेले नव्वद प्रश्न आठवत नाहीत, कारण ते सोडवताना अडखळायला झालेलंच नसतं. म्हणून पेपर वाईट गेल्याची पहिल्या रात्रीची खात्री विश्वास ठेवण्यासारखी नसते.

त्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपचे वर्गाचे ग्रुप म्यूट करा. "माझे साडेसहाशे पक्के" असा मेसेज टाकणारा एक मुलगा प्रत्येक ग्रुपात असतो, आणि निकालानंतर तो कुठे गेला हे कुणी विचारत नाही. टेलिग्रामवर पेपर फुटल्याच्या बातम्या फिरायला लागतात, त्याही बघू नका. खरोखर काही घडलं असेल तर ते वर्तमानपत्रात येईल, आणि ते तुम्हाला रात्री अकराला कळून उपयोग नाही.

बेरीज एकदाच, आणि ती सुद्धा दोन आकड्यांत

मोजूच नका असं मी सांगणार नाही. कुणी ऐकत नाही, आणि न मोजता राहणं बऱ्याच मुलांना जास्त जड जातं. पण मोजायची एक रीत आहे.

दोन-तीन दिवस थांबा. पहिल्या रात्री येणाऱ्या क्लासेसच्या उत्तरतालिका घाईत केलेल्या असतात, पुढच्या दोन दिवसांत त्या बदलत राहतात. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन वेगवेगळ्या तालिका घ्या, पुस्तिका घ्या आणि कागदावर तीन रकाने आखा: नक्की बरोबर, नक्की चूक, आणि माहीत नाही. ज्या प्रश्नांवर दोन तालिकांत एकमत नाही ते तिसऱ्या रकान्यात. आपण ओएमआरवर, म्हणजे गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, नेमका कोणता गोळा रंगवला हे ज्यांचं आठवत नाही, तेही तिसऱ्यात.

बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. समजा तुम्ही १८०पैकी १६५ प्रश्न सोडवले. नक्की बरोबर ११८, नक्की चूक २७, माहीत नाही २०. ते वीसही चुकले असं धरलं तर ११८ गुणिले ४ म्हणजे ४७२, त्यातून ४७ चुकांचे ४७ वजा, उरले ४२५. वीसही बरोबर धरले तर १३८ गुणिले ४ म्हणजे ५५२, वजा २७, झाले ५२५. तर तुमचा आकडा ४२५ ते ५२५च्या मध्ये कुठेतरी आहे.

शंभर गुणांचा हा पट्टा बघून मुलं वैतागतात. त्यांना एकच आकडा हवा असतो. पण आज तुमच्याकडे असलेली माहिती खरोखर एवढीच आहे. पाचव्यांदा मोजल्याने तिच्यात भर पडत नाही, फक्त तुमचा त्या दिवशीचा मूड त्या वीस प्रश्नांना बरोबर किंवा चूक ठरवतो. सकाळी ४९० येतात, रात्री ४५०. म्हणून दोन्ही आकडे पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहा, खाली तारीख टाका, आणि पुस्तिका घरातल्या कुणाकडे तरी ठेवायला द्या. परीक्षा घेणाऱ्या एनटीएची अधिकृत उत्तरतालिका येईल त्या दिवशी परत मागायची.

यूट्यूबवरचे कटऑफ

"इतक्या मार्कांना सरकारी कॉलेज मिळेल का" अशा व्हिडिओंनी जेवढी झोप उडवली आहे तेवढी पेपरनेही उडवली नसेल. ते का बघू नयेत, याचं कारण आकड्यांतच आहे. २०२४च्या पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२०पैकी ७२० होते. पुढच्याच वर्षी, २०२५ला, देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मिळाले. त्या वर्षी फिजिक्स फार अवघड गेलं आणि वर्गात कायम पुढे असणारी मुलंही रडत बाहेर आली. २०२४चा कटऑफ डोळ्यांसमोर ठेवून ज्यांनी मे महिन्यात स्वतःला नापास ठरवलं, त्यांतल्या कित्येकांना जूनमध्ये कळलं, की पेपर सगळ्यांनाच अवघड गेला होता आणि आपली रँक तितकी घसरलेली नाही.

प्रवेश गुणांवर नाही, क्रमांकावर मिळतो. परीक्षेला बसतात वीस लाखांहून जास्त मुलं. त्यांच्यात तुम्ही कितवे आहात, हे त्या सगळ्यांचे पेपर तपासून होईपर्यंत कुणालाच माहीत नसतं, व्हिडिओ करणाऱ्यालाही नाही. शिवाय पात्र ठरण्याचा कटऑफ वेगळा आणि कॉलेज मिळण्याचा वेगळा. २०२५ला खुल्या गटात पात्रतेची रेषा १४४वर होती. ती आणि सरकारी कॉलेजची रेषा यांत प्रचंड अंतर असतं. बातमीत "कटऑफ घसरला" असं वाचलं तर कोणता, हे आधी बघा.

एकच प्रश्न डोक्यात फिरत असेल तर

माझी एक विद्यार्थिनी होती. पेपरनंतर आठ दिवसांनी तिच्या आईचा फोन आला, पोरगी नीट जेवत नाही. मी घरी गेले. ती पलंगावर बसली होती, मांडीवर पुस्तिका, आणि एकाच पानाचा कोपरा बोटाने चाळवून चाळवून मऊ पडला होता. जेनेटिक्सचा प्रश्न. पुस्तिकेत तिने तिसऱ्या पर्यायावर खूण केली होती. "मॅडम, ओएमआरवर मी चौथा गोळा केलाय असं वाटतंय. आणि मग वाटतं, त्याच्या पुढचे सगळेच एकेक खाली सरकले असतील."

हिला काय सांगणार? "नाही गं, बरोबरच केला असशील" हे मी म्हणू शकत नव्हते. मला माहीत नव्हतं. ओएमआर केंद्रावर जमा होते, हातात राहते फक्त पुस्तिका. मी तिला एवढंच म्हटलं, की हा प्रश्न सुटायचा एक दिवस ठरलेला आहे. निकालाआधी एनटीए प्रत्येकाच्या ओएमआरची स्कॅन केलेली प्रत वेबसाइटवर दाखवते. त्या दिवशी दोन मिनिटांत कळेल. तिने वहीत लिहिलं: "जेनेटिक्सचा गोळा, ओएमआर दिसेल त्या दिवशी." वही मिटली. भीती त्या क्षणी गेली नाही, पण परत आली की ती वहीकडे बोट दाखवायची.

हेच तुम्हीही करा. रोज संध्याकाळी एक अर्धा तास ठरवा, समजा सहा ते साडेसहा. झोपायच्या वेळेच्या जवळचा नको. त्या अर्ध्या तासात वही घेऊन बसायचं आणि मनात येईल ती प्रत्येक काळजी लिहायची. प्रत्येकीपुढे दोनांतलं एक लिहायचं: मला काही करता येईल, तर काय आणि कधी, करता येणार नसेल, तर ती कोणत्या दिवशी कळेल. "जात वैधता आली नाही": उद्या कार्यालयात जाणे. "केमिस्ट्रीचा तो प्रश्न रद्द होईल का": अंतिम उत्तरतालिकेच्या दिवशी. दिवसभरात काळजी डोकावली, की तिला सांगायचं, संध्याकाळी सहाला ये. पहिले तीन-चार दिवस हे पोरकट वाटेल. तरी करा. आठवड्याभरात फरक जाणवायला लागतो.

रात्री दोनला जाग आली तर

छाती धडधडते, हाताला घाम, पोटात खड्डा. हे तुम्ही केमिकल कोऑर्डिनेशनच्या धड्यात वाचलंय. अ‍ॅड्रिनलिन. शरीराला वाटतंय समोर वाघ आहे. त्याला शांत करायचा एक मार्ग श्वासातून जातो, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. म्हणून घ्यायचा लहान, सोडायचा लांब: चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. पाच मिनिटं. आकडे मनात मोजा, फोनवरच्या टायमरवर नको, कारण फोन हातात आला की बोट आपोआप यूट्यूबकडे जातं.

वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत राहू नका. उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, काहीतरी साधं वाचा, डोळे जडावले की परत जा. आणि सकाळी उठायची वेळ मात्र बदलू नका. रात्री झोप झाली नाही म्हणून अकरापर्यंत लोळलात, तर पुढची रात्रही गेली.

मे महिन्यात आपल्याकडे दहानंतर बाहेर पडवत नाही. म्हणून सहाला उठून अर्धा तास चाला, तेवढं कोवळं ऊन अंगावर येऊ दे. दुपारनंतर चहा-कॉफी नको. दिवसाला तीन खुंट्या ठोका: उठायची वेळ, जेवायची वेळ, संध्याकाळी घराबाहेर पडायची वेळ. बाकी दिवस मोकळा सोडा. गाडी शिका, पोहायला जा, आजीकडून पोळ्या शिका, दोन वर्षं न भेटलेल्या मैत्रिणीला भेटा. मजा करताना अपराधी वाटेल. त्यात काही गैर घडत नाहीये. आता वाचून त्या पेपरातला एकही गुण वाढणार नाही.

हाताला काम: फाइल

या दिवसांतलं सगळ्यात उपयोगाचं काम हेच. निकाल कसाही लागो, कागदपत्रं लागतातच. आणि चांगली रँक असूनही एका दाखल्यासाठी प्रवेश फेरीत धावाधाव करणारं घर मी दरवर्षी बघते.

आधी एक तपासा. नीटचा अर्ज भरताना मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा दिला होता? गावाकडे बऱ्याचदा तो नेट कॅफेवाल्याचा नाहीतर मामाचा असतो. ओटीपी तिकडे जातो. तो नंबर चालू आहे का, ईमेलचा पासवर्ड आहे का, हे आज बघा. अर्ज क्रमांक आणि पासवर्ड एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या कप्प्यात ठेवा.

मग गोळा करायचं: नीटचं प्रवेशपत्र, अर्जाची प्रत, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अर्जावर लावलेल्या फोटोच्या जास्तीच्या प्रती, आणि राष्ट्रीयत्व व अधिवासाचा दाखला, ज्याला सगळे डोमिसाइल म्हणतात. वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात लागतं, ते प्रवेशाच्या वेळी काढलं तरी चालतं. बारावीनंतर वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आणि लागू असेल तिथे नॉन क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस. यातली जात वैधता सगळ्यात जास्त वेळ खाते. समितीकडे अर्ज पडून असेल तर तो कुठपर्यंत आलाय हे पेपरनंतरच्या पहिल्याच आठवड्यात जाऊन विचारा. नॉन क्रिमीलेअर कोणत्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे, ती तारीख वाचा. आणि राज्यातल्या सरकारी कॉलेजांच्या ८५ टक्के जागांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाकडून होतात, तर अखिल भारतीय १५ टक्के कोट्याचे एमसीसी या केंद्राच्या समितीकडून. त्या केंद्राच्या कोट्यात ओबीसीचा लाभ हवा असेल तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो. राज्याचा दाखला तिथे चालत नाही, हे अनेकांना फेरी सुरू झाल्यावर कळतं.

उत्तरतालिका आली की आक्षेप घ्यायची मुदत थोडकी असते. एका प्रश्नाला २०० रुपये, आणि ते परत मिळत नाहीत. एनसीईआरटीच्या पुस्तकातली ओळ दाखवता येत असेल तरच आक्षेप घ्या. मनाच्या समाधानासाठी दहा प्रश्नांवर दोन हजार घालवू नका. आक्षेप मान्य झाला तर सुधारित तालिका सगळ्यांनाच लागू होते, मग तो कुणीही घेतलेला असो.

दुसरा कागद

एमबीबीएस नाही मिळालं तर काय, हा प्रश्न मनात दाबून ठेवला की रात्री मोठा होतो. दिवसा कागदावर घ्या. नीटच्याच निकालावर बीडीएस (दंतवैद्यक), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी), फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी यांचे प्रवेश होतात, पशुवैद्यकीयचेही. बीएस्सी नर्सिंगची राज्याची सीईटी वेगळी आहे. एमएचटी-सीईटी या राज्याच्या परीक्षेचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी) गट दिला असेल तर फार्मसी आणि कृषी आहे. प्रत्येकापुढे एक ओळ लिहा: हे शिकणाऱ्या एका माणसाशी मी बोललो आहे का? नसेल तर या आठवड्यात बोला. फिजिओथेरपीला "उरलेली जागा" म्हणणाऱ्या मुलाला मी एकदा लकवा झालेल्या रुग्णाचा व्यायाम घेताना बघायला पाठवलं. तो तासभर तिथेच थांबला.

रिपीट करायचं की नाही, हे मात्र निकालाआधी ठरवू नका. हातात आकडा नसताना घेतलेला तो निर्णय भीतीचा असतो. परीक्षा किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही, वयाची कमाल अट नाही, त्यामुळे दार बंद होत नाहीये. मे महिन्यातच रिपीटर बॅचवाल्यांचे फोन येतात: आज भरलं तर फीमध्ये एवढी सूट. आमच्या ओळखीच्या एका घराने अशी फी भरली, मुलीला जुलैत सीट मिळाली, आणि पैसे परत मिळवायला त्यांना सहा महिने खेटे घालावे लागले. "मार्क वाढवून देतो", "मॅनेजमेंटची सीट पक्की करतो" म्हणणाऱ्यांचा नंबर सरळ ब्लॉक करा. एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या क्रमांकावर आणि अधिकृत प्रवेश फेऱ्यांतूनच होतो.

घरच्यांसाठी

"किती येतील?" हा प्रश्न महिनाभर विचारू नका. तुम्ही काळजीपोटी विचारता, ते मला कळतं. पण मुलाला तो दर वेळी नव्याने द्यावा लागणारा पेपर वाटतो. त्याऐवजी, "चल, बाजारात येतोस का?" "भेळ खायची का?" जेवताना नीटचा विषय मुलांनी काढला तरच काढायचा, असा घरात नियम करा.

"आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं" हे वाक्य रागाच्या भरातही नको. शेत विकलं, कर्ज काढलं, हे मुलांना माहीत असतं. त्याचंच ओझं त्यांच्या मानेवर आहे. नातेवाइकांना उत्तर द्यायचं काम आईबाबांनी स्वतःकडे घ्यावं. आणि मुलांनी एक वाक्य पाठ करून ठेवावं: "काकू, निकाल लागला की मीच फोन करते." एवढं बोलून विषय बदलायचा.

नुसत्या टेन्शनच्या पलीकडे

दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण तुटलंय, रोज रडू येतं, खोलीबाहेर पडावंसं वाटत नाही, सारखा जीव घाबरा होतो, तर डॉक्टरांकडे जायचं. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको, पण तीच सगळ्यात उशिरा जातात. सरकारची टेली-मानस ही मोफत मदतसेवा आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

"मी नसलो तर बरं होईल", "तुमचे पैसे वाया घालवले" असं मूल बोलायला लागलं, आवडीच्या वस्तू वाटायला लागलं, तर दोन आठवडे थांबायचं नाही. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मुलाला पहिल्यांदा कुणाशी तरी बोलता येतं. ऐकून घ्या, रागावू नका, एकटं सोडू नका, त्याच दिवशी १४४१६ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात न्या. घरात फवारणीचं औषध असेल तर ते कुलपात किंवा शेजाऱ्यांकडे हलवा. आणि हे वाचणारा तूच असशील आणि तुझ्या मनात असं येत असेल, तर हा लेख इथेच थांबव आणि घरातल्या एका माणसाला आत्ता उठव.

निकालाचा दिवस

आदल्या दिवशी तीन गोष्टी ठरवा: कुठे बघणार, कोण बरोबर असेल, आणि बघितल्यावर लगेच काय करणार. बंद खोलीत एकट्याने बघू नका. पहिल्या तासात वेबसाइट अडकते, तेव्हा दर दहा सेकंदांनी रिफ्रेश न करता अर्ध्या तासाने परत या.

स्कोअरकार्डवर गुण, पर्सेंटाइल आणि अखिल भारतीय क्रमांक असतो. राज्यातला क्रमांक नंतर सीईटी कक्षाच्या गुणवत्ता यादीत कळतो, तो त्या दिवशी शोधत बसू नका. आकडा हवा तसा नसेल तर चोवीस तास कोणताही निर्णय नाही, रिपीटचाही नाही. रात्री कुणीतरी सोबत झोपा. दुसऱ्या दिवशी दुसरा कागद काढा आणि आता हातात असलेल्या आकड्यासमोर ठेवून वाचा.

स्कोअरकार्डची पीडीएफ दोन ठिकाणी जतन करा, दोन रंगीत प्रती काढा. अर्ज क्रमांकाचा कागद परत फाइलच्या पहिल्या कप्प्यात ठेवा. प्रवेश फेरीच्या नोंदणीला तोच लागेल.